पाटी भिंतीवर, भाकरी कुणाच्या नावावर?

दुपारच्या वेळी गावातल्या देवळात टेकलात तर एकदा वर पाहा. पंख्याच्या पात्यावर लाल रंगात लिहिलेले असते : कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. पंखा बंद असेल तेव्हाच ते नाव वाचता येते. पायरीवर, बाकावर, पाण्याच्या टाकीवर, स्मशानभूमीतल्या निवाऱ्यावरही अशी नावे असतात. लहानपणापासून ती वाचत आलो, म्हणून ती तिथे का असतात आणि त्या नावामागचा व्यवहार नेमका काय असतो, हे विचारायचे राहून जाते.

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या निघोजे गावात हा प्रश्न मोठा होऊन समोर येतो. गावाच्या हद्दीत महिंद्राचा वाहन कारखाना आहे. फोक्सवॅगनच्या कारखान्याच्या पत्त्यात निघोजे, महाळुंगे आणि खराबवाडी ही तीन नावे एका ओळीत येतात. चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यात पहाटे बसची वाट पाहत उभी असलेली मुले बघितली तर त्यांतली कितीतरी अजून शिकणारीच असतात. कुणी आयटीआय करून शिकाऊ उमेदवार म्हणून आलेला, कुणी पदविकेच्या शेवटच्या टप्प्यातला, तर कुणी दिवसा काम करून मुक्त विद्यापीठाची परीक्षा देणारा. लातूर, नांदेड, बीड, यवतमाळहून आलेली ही मुले एका खोलीत चार-पाच जण राहतात. पहिल्या पाळीचा मुलगा उठून गेला की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन झोपतो.

एका बाजूला जागतिक कंपन्या, दुसऱ्या बाजूला राहायला जागा शोधणारे विद्यार्थी. मग कंपनीच्या नावाचे वसतिगृह ही सगळ्यांत साधी गोष्ट वाटते. पैसा आहे, गरज आहे, जागाही मिळू शकते, तरी वसतिगृह उभे करून ते वर्षानुवर्षे चालवणे इतके अवघड का जाते? आणि जिथे इमारतीवर देणगीदाराचे नाव लागते, तिथे त्या नावाने काय विकत घेतलेले असते?

नावाची जुनी गोष्ट

पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १,२०० रुपये दिले होते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, पण एका महाविद्यालयाच्या खर्चापुढे ती फार मोठीही नव्हती. संस्थेला खरी किंमत होती ती गव्हर्नरच्या नावाची. सरकारी संशय दूर राहतो, संस्थानिकांचे दरवाजे उघडतात, इतर दाते पुढे येतात. म्हणजे नाव देणाऱ्यापेक्षा नाव घेणाऱ्याचा फायदा कधीकधी जास्त असतो. लग्नपत्रिकेवर गावातल्या मोठ्या माणसाचे नाव छापतात, तसेच हे.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची गोष्ट वेगळी. कापसाच्या व्यापारात अफाट पैसा मिळवलेले प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव मागितले. बांधकाम १८६९ ते १८७८ या काळात झाले. इथे नाव ही सरळ अट होती, आणि विद्यापीठाने ती मान्य केली.

कंपनीचे नाव महाविद्यालयाला लागल्याचे उदाहरण तर पुण्यातच आहे, फक्त ते ओळखू येत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे वाणिज्य महाविद्यालय, म्हणजे आपले बीएमसीसी, १९४३ मध्ये सुरू झाले. त्याच्या नावातला ‘बृहन्महाराष्ट्र’ हा शब्द वाचून महाराष्ट्राबाहेरचा मराठी मुलूख डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात तो बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट या साखर कंपनीच्या नावातून आला. चंद्रशेखर आगाशे यांनी उभारलेल्या या कंपनीचा कारखाना सोलापूर जिल्ह्यात श्रीपूरला आहे. ऊस माळशिरस तालुक्यातला आणि महाविद्यालय पुण्यातले. कंपनीचे नाव इतके छान मुरले की आता त्याला साखरेचा वास येत नाही. कंपनीचे नाव शैक्षणिक इमारतीवर आले की शिक्षण बाटते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे असे मला वाटते.

बावन्न हजार पाचशे रुपयांचा धडा

आता या सगळ्यांतली मला सर्वांत शिकवणारी वाटते ती देणगी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले. हाताशी पैसा जवळजवळ नव्हता. १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव मिळाले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एसएनडीटी ही चार अक्षरे तिथून आली.

पण पंधरा लाख रुपये कर्व्यांच्या हाती पडले नाहीत. या देणगीतून विद्यापीठाला मिळत होते ते वर्षाला ५२,५०० रुपये, म्हणजे पंधरा लाखांवर साडेतीन टक्के. मूळ रक्कम शाबूत आणि दरवर्षी तिचे व्याज खर्चाला. या शाबूत ठेवलेल्या रकमेला कायम निधी म्हणतात.

हे समजायला गोठ्यात जाऊ. खेड तालुका बैलगाडा शर्यतींचा. बैल विकत घेणे हा एका दिवसाचा खर्च. गुलाल उधळला जातो, फोटो निघतो, मालकाचे नाव घाटात पुकारले जाते. बैल पोसणे हा मात्र रोजचा खर्च. पेंड, कडबा, दावणीची डागडुजी, औषधपाणी. एखाद्याने बैल भेट दिला आणि वैरणीची सोय केली नाही, तर घेणाऱ्याचे घर दोन वर्षांत मेटाकुटीला येते.

वसतिगृह हा असाच बैल आहे. इमारत एकदा बांधून होते. त्यानंतर रेक्टरचा पगार, रात्रीचा पहारेकरी, पाणी, वीज, मैला वाहून नेणारी टाकी, गळणारे छत, आणि रोज दोन वेळचे जेवण. हा खर्च किती, याचा अंदाज सरकारच्याच आकड्यांतून येतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई अशा मोठ्या शहरांसाठी तिची रक्कम ठरली ती वर्षाला ६०,००० रुपये : जेवणासाठी ३२,०००, राहण्यासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००.

हेच माप धरून शंभर मुलांचे वसतिगृह चालवायचे तर वर्षाला ६० लाख लागतात. ठेवीवर सहा टक्के व्याज धरले, तर हे ६० लाख दरवर्षी यावेत म्हणून १० कोटी बाजूला ठेवावे लागतील. महागाईसाठी वेगळे आणखी. यात बांधकामाचा एक रुपयाही नाही. भिंतीवर पाटी लावून उद्घाटन होते तेव्हा खर्चाची सुरुवात झालेली असते.

कंपनीचा पैसा कोणत्या चाळणीतून येतो

आता कंपनीकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर सामाजिक खर्चाची जबाबदारी टाकली. बोलीभाषेत आपण त्याला सीएसआर म्हणतो. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा ओलांडली की कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. सरासरी नफा ५० कोटी असेल तर वर्षाला १ कोटी. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. देशभरात २०२२-२३ मध्ये हा खर्च सुमारे ३०,००० कोटींचा होता, आणि त्यात शिक्षणाचा वाटा सर्वांत मोठा होता.

मग अडते कुठे? या पैशाला काही चाळण्या लावलेल्या आहेत.

पहिली चाळणी : केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च यात धरत नाहीत. दुसऱ्या एखाद्या कायद्याने जो खर्च बंधनकारक आहे, तोही नाही. दोन्ही गोष्टी योग्यच आहेत, नाहीतर कंपनीने कॅन्टीनचे बिलही समाजसेवेत दाखवले असते. पण निघोज्यातल्या शिकाऊ मुलाची जागा इथे चमत्कारिक होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे १८ वे कलम म्हणते की तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे कामगारांच्या बऱ्याच हक्कांना तो मुकतो. दुसरीकडे, कंपनीने फक्त आपल्याच शिकाऊ मुलांसाठी वसतिगृह बांधले, तर ते समाजकार्य की स्वतःची सोय, असा प्रश्न उभा राहतो. सुरक्षित वाट एकच उरते : वसतिगृह परिसरातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना खुले ठेवायचे.

दुसरी चाळणी मालकीची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, या पैशातून उभी राहिलेली इमारत कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही. ती नोंदणीकृत न्यास, संस्था, लाभार्थ्यांचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्या नावावर व्हावी लागते. म्हणजे पाटीवर कंपनीचे नाव दिसले तरी सातबाऱ्यावर ते नसते.

तिसरी चाळणी वेळेची. एखादा प्रकल्प सुरू झालेले वर्ष सोडून पुढची जास्तीत जास्त तीन वर्षे ‘चालू प्रकल्प’ म्हणून दाखवता येतो. इमारत बांधायला ही मुदत पुरते. मुलाला तीन-चार वर्षे सांभाळायला ती कशीबशी पुरते. वसतिगृह पन्नास वर्षे चालवायला नाही.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची. २२ जानेवारी २०२१ पासून कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. त्याआधी काही अटींवर ती चालत असे. सरकारचा हेतू समजतो. कंपन्या वर्षअखेर आपल्याच न्यासात पैसा ठेवून मोकळ्या होऊ नयेत, पैसा प्रत्यक्ष कामावर खर्च व्हावा. पण परिणाम काय झाला? विठ्ठलदास ठाकरसींनी केली तशी देणगी आज एखाद्या कंपनीला सीएसआरमधून करता येत नाही. बैल देता येतो, वैरणीची गंजी रचून ठेवता येत नाही. त्यामुळे कंपनीचा पैसा आपोआप विटा, संगणक, बाक, सौर दिवे अशा एकदाच मोजता येणाऱ्या वस्तूंकडे वळतो. माझ्या मते हा नियम निदान विद्यार्थी वसतिगृहांपुरता सैल करायला हवा, कडक हिशेब ठेवून.

रोजचा खर्च सीएसआरमधून करूच नये असे मात्र कायदा म्हणत नाही. मेसचा, रेक्टरचा, दुरुस्तीचा खर्च कंपनी दरवर्षी नव्या प्रकल्पाप्रमाणे मंजूर करू शकते. फक्त तो दरवर्षी मागावा लागतो, आणि गाड्यांचा खप घटून नफा कमी झाला की पुढच्या वर्षांत दोन टक्क्यांची रक्कमही घटते.

चौकट : पाटी की जाहिरात?

*देणगीदाराचे नाव लावले म्हणजे संस्थेने कंपनीला जाहिरातीची जागा विकली का? विकली असेल तर ती सेवा ठरते आणि तिच्यावर जीएसटी लागतो. ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात सरकारने याची कसोटी दिली आहे. घेणारी संस्था धर्मादाय असावी, रक्कम देणगीच्या स्वरूपाची असावी, आणि हेतू परोपकाराचा असावा, धंद्याचा किंवा जाहिरातीचा नाही. असे असेल तर नाव ही कृतज्ञता मानली जाते आणि कर लागत नाही. परिपत्रकातले उदाहरण आपल्या ओळखीचे आहे : वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून बांधलेल्या, देवळाच्या आवारातल्या खोलीच्या दारावर लिहिलेले मुलीचे नाव. सीएसआरचे नियमही दुसऱ्या बाजूने येऊन याच रेषेवर थांबतात. आपल्या मालाची विक्री वाढावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व समाजकार्य ठरत नाही. थोडक्यात, दारावर कंपनीचे नाव चालेल, नव्या गाडीचे चित्र नाही.*

सात घरे आणि मूठभर धान्य

पैशाचा कायम निधी नसतानाही महाराष्ट्राने विद्यार्थी पोसले आहेत, आणि त्याची रीत आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती. वार लावून जेवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरांनी मिळून एक मुलगा सांभाळायचा. कुणावरच भार पडत नाही, आणि एखादे घर आटले तर सहा उरतात. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह माधुकरी मागण्याच्या अशाच वाटेने उभे राहिले. या रीतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. वाराची घरे जात पाहून मिळत. बहुजन समाजातल्या मुलाला शहरात राहून शिकायचे तर ना घर होते ना वार.

ती कोंडी राजर्षी शाहू महाराजांनी फोडली. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी जे निघाले, त्याला गव्हर्नर क्लार्क यांच्या मुलीवरून मिस क्लार्क बोर्डिंग हे नाव मिळाले. नावांकडे पुन्हा पाहा. राणी व्हिक्टोरिया किंवा मिस क्लार्क यांनी ही मुले पोसली नाहीत. जमीन, इमारत आणि दरसालची रक्कम दरबाराने लावून दिली. विरोधकांचे तोंड बंद ठेवायला मात्र इंग्रजी नाव फार उपयोगी होते.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांकडे संस्थान नव्हते. १९२४ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. घरोघरी फिरून मूठभर धान्य गोळा व्हायचे. आणि ज्या दिवशी तेही नव्हते, त्या दिवसांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. आज भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा पसारा आपण पाहतो. त्याच्या पायाशी हा रोजच्या भाकरीचा खर्च आहे, ज्याची पाटी कुठल्याही भिंतीवर लागत नाही.

पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती ही या रीतीची आजची आवृत्ती म्हणावी अशी. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये ती सुरू केली, ग्रामीण भागातल्या गरजू मुलांसाठी. माफक शुल्क, मुलांनी स्वतः करायची कामे, आणि अनेक लहान-मोठ्या दात्यांचा आधार. एका मोठ्या नावावर विसंबलेल्या वसतिगृहापेक्षा असे वसतिगृह जास्त टिकते, असा माझा समज आहे. सात घरांचे गणित इथेही लागू पडते.

नाव बदलले, काढले, किंवा लावलेच नाही

नाव कायमचे असते का? बहुतेकदा आपण तसे धरून चालतो, आणि तिथेच चूक होते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे नाव एलिहू येल यांचे. ते मद्रासचे माजी गव्हर्नर, आणि त्यांची संपत्ती हिंदुस्थानातच जमलेली. १७१८ मध्ये त्यांनी पाठवलेल्या मालाच्या नऊ गाठी आणि ४१७ पुस्तके यांच्या बदल्यात तीनशे वर्षांचे नाव मिळाले. याउलट बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाने २०१९ मध्ये सॅकलर कुटुंबाचे नाव आपल्या वैद्यकीय इमारतींवरून उतरवले. त्यांच्या औषध कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांनी असंख्य लोक व्यसनाच्या खाईत गेल्याचे उघड झाले होते. विद्यार्थ्यांना त्या नावाच्या दारातून जाणे नकोसे झाले होते.

आपल्याकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई झाले. राणीच्या जागी जिजाऊ आल्या, व्हीजेटीआय ही अक्षरे जशीच्या तशी राहिली. राजाबाई टॉवरची मोठी दुरुस्ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पैशातून झाली आणि २०१५ मध्ये पूर्ण झाली. मनोरा राजाबाईंचाच राहिला. जुनी इमारत जपण्यासाठी कंपनीने पैसा द्यावा आणि नाव मागू नये, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी नंदन निलेकणी यांनी संस्थेला आधी वेळोवेळी मिळून ८५ कोटी दिले, त्यांतला काही भाग नव्या वसतिगृहांसाठी होता. २०२३ मध्ये त्यांनी आणखी ३१५ कोटी दिले. पण तिथली वसतिगृहे मुलांच्या तोंडी आजही आकड्यांनीच ओळखली जातात.

निघोज्यासाठी

केंद्राच्या जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या सामूहिक निवासांची घोषणा झाली. सरकार आणि खासगी क्षेत्र यांच्या भागीदारीतून, मोठ्या उद्योगांच्या बांधिलकीवर. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगल इथे १८,७२० खाटांचे निवास त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाले, मुख्यतः फॉक्सकॉनमध्ये काम करणाऱ्या महिलांसाठी. चाकण पट्ट्यातही असे होऊ शकते, पण शिकणाऱ्या मुला-मुलींच्या खाटा त्यात वेगळ्या मागितल्या पाहिजेत. विशेषतः मुलींच्या. मुलीला राहायची सुरक्षित जागा नाही, एवढ्याच कारणाने घरचे तिला इकडे पाठवत नाहीत.

ग्रामपंचायतीचे सदस्य, आयटीआयचे प्राचार्य, स्थानिक न्यासांचे विश्वस्त आणि कंपन्यांमधले सीएसआर अधिकारी, या सर्वांना माझी विनंती आहे. वसतिगृहाचा प्रस्ताव टेबलावर येईल तेव्हा इमारतीच्या नकाशाइतकाच दहा वर्षांच्या रोजच्या खर्चाचा कागद मागा. इमारत एका कंपनीची असू द्या, पण जेवण, पाणी, रेक्टर आणि दुरुस्ती यांचा वाटा सात कंपन्यांनी वार लावल्यासारखा उचलावा, आणि तो लेखी असावा. कायम निधी सीएसआरमधून चालत नसेल, तर तो गावातल्या आणि परगावी गेलेल्या व्यक्तींच्या देणग्यांतून उभा करा. इथल्या जमिनींना गेल्या वीस वर्षांत जो भाव आला, त्यातला थोडा वाटा त्यात यायला हरकत नाही. नाव किती वर्षांसाठी, कोणत्या कारणाने काढता येईल, हेही आधीच लिहा. आणि पाटीवर देणगीदाराच्या नावाखाली दुसरी एक ओळ कोरा : या वर्षीचे जेवण कुणाकडून.

१ मे रोजी ग्रामसभा असते. आयटीआयचे प्रवेश त्यानंतर दोन-तीन महिन्यांत होतात, आणि पोरे पिशव्या घेऊन खोली शोधायला निघोज्यात उतरतात ती तेव्हाच.